हिरवी टोपली

२ सप्टेंबर, सोमवार

साहेबांनी आज ही डायरी दिली. म्हणाले, "इन्चार्ज झालात, आता रोजच्या कामाची नोंद ठेवत जा." कामाच्या नोंदीला माझी जुनी वही पुरते. एवढा गुळगुळीत कागद कपबश्यांवर वाया घालवण्याइतकी मी उदार नाही. ह्यात मी माझं लिहिणार आणि डायरी कपाटात चादरींच्या खाली ठेवणार. नवरोबा तिथे जन्मात हात घालायचा नाही.

तर, मी रंगखोलीची इन्चार्ज झाले. आमच्या कारखान्यात कपबश्या होतात. भट्टीतून पांढरेशुभ्र निघालेले कप रंगखोलीत येतात आणि आम्ही पाचजणी एका लांब टेबलाशी बसून त्यांच्या काठावर सोनेरी रेघ मारतो. म्हणजे मारत होतो. आता चौघी मारणार आणि मी बघणार.

आनंद एवढा झाला की त्याचीच लाज वाटली. साहेबांनी नाव घेतलं तेव्हा मी सगळ्यांकडे पाहिलं, फक्त ताईंकडे नाही. ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मला ह्या कारखान्यात त्यांनी चिकटवलं, कुंचला धरायला त्यांनी शिकवलं, आणि त्यांच्यासारखी रेघ त्या खोलीत कुणाची नाही. कप चकतीवर ठेवतात, डाव्या हाताने चकतीला गिरकी देतात, आणि रेघ एका श्वासात फिरून जिथून निघाली तिथेच येऊन मिटते. सांधा शोधून दाखवा. इन्चार्ज व्हायचं तर त्यांनी. पण साहेब नवे आहेत, त्यांना बोलकी माणसं आवडतात, आणि ताई कामावर दिवसभरात बोलतील तर दहा शब्द. माझ्या तोंडाला मात्र सुट्टी नसते.

पहिली टाळी ताईंनीच वाजवली. मास्तरीण (ती पूर्वी शाळेत शिकवायची, अजून आम्हाला शिकवते) म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली!" सगळ्या हसल्या, मीही हसले. ते हसू घरी येईपर्यंत पुरलं नाही.

सासूबाईंनी जिन्यातल्या सगळ्या दारांवर जाऊन सांगितलं. ताई आत भाजी चिरत होत्या.

३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी सवयीने जाऊन माझ्या जुन्या जागेवर बसले. नवरी तिथे आधीच सरकून बसली होती, त्यामुळे जवळजवळ तिच्या मांडीवरच. नवरी आमच्यातली सगळ्यात लहान. लग्न जुनं झालं, नाव काही जुनं होईना. खूप हसलो. मग मी उठले आणि भिंतीजवळच्या नव्या खुर्चीवर गेले. ती साहेबांच्या खोलीच्या काचेला लागून आहे. काचेतून त्यांना सगळी रंगखोली दिसते आणि मला त्यांचं टक्कल.

दुपारी डबा कुठे खायचा हा प्रश्नच होता. टेबलावर बसावं तर इन्चार्ज, भिंतीशी एकटीने खावं तर वेडी. तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं. खाता खाता विचारलं, "रंगखोलीत कपांची फूट एवढी कशी? आणि एकाही बाईचं नाव कुठे लागत नाही?"

मी काय केलं, तर टेबलाची गंमत सांगितली. आमच्याकडे कप फुटला की जी जवळ असेल ती ओरडते, "टेबलाचा!" आणि तुकडे मधल्या पेटीत जातात. कुणी फोडला ते कुणी विचारायचं नाही, जिने फोडला तिनेही सांगायचं नाही. तसंच कपांची भरलेली फळी भट्टीकडे न्यायची झाली की उचलणारी "हात!" म्हणते. जी मोकळी असेल ती उठून दुसरं टोक धरते. कुणाची पाळी वगैरे नाही. ताई तिथे आल्या त्याच्याही आधीपासून असं चालत आलेलं आहे. मी अगदी रंगवून, आवाज काढून सांगितलं. ताई कशा खाली मान घालूनच "टेबलाचा" म्हणतात, तेही करून दाखवलं.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे फोडणारी एक, आणि बोलणी चौघींना. ह्याला तुम्ही गंमत म्हणता?"

खरं म्हणजे त्यांचं बरोबर आहे. तरी घरातली गोष्ट चव्हाट्यावर सांगून आल्यासारखं वाटत राहिलं. परत आले तेव्हा आमच्यातल्या चष्मेवालीने विचारलं, "काय गं, एवढं काय हसत होतीस आत?" मी म्हटलं, "काही नाही, असंच."

६ सप्टेंबर, शुक्रवार

साहेब म्हणाले, तुम्हीच उपाय काढा. विचार करकरून डोकं शिणलं आणि उपाय निघाला तो घरातूनच. सासूबाईंनी नातवंडांना पाण्याचे पेले वेगवेगळ्या रंगांचे दिले आहेत, भांडण नको म्हणून. मी बाजारातून चार टोपल्या आणल्या: लाल, निळी, पिवळी, हिरवी. एकेकीच्या खुर्चीखाली एकेक. जिचं फुटलं तिने तिच्या टोपलीत टाकायचं. लिहिणं नाही, विचारणं नाही, बोलणी नाहीत, दिसतं ते दिसतं. मधली पेटी उचलून बाहेर ठेवली.

"हे काय, आम्हाला बालवाडीत घातलं का?" चष्मेवाली म्हणाली. मास्तरणीने निळी उचलली आणि टोपीसारखी डोक्यावर घालून दाखवली. नवरी कुणीतरी आधी हसेल ह्याची वाट पाहत राहिली. ताई म्हणाल्या, "ठेव गं. तुझ्या मनासारखं होऊ दे." आणि उरलेली घेतली, ती हिरवी.

८ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. भांडी विसळताना माझ्या हातून बशी सटकली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय फुटलं? कुणी फोडलं गं?" नेहमीप्रमाणे ताई ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मांजराने!" आमच्याकडे मांजर नाही. कधीच नव्हतं. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी काचेचा जग फोडला, तेव्हा ताईंनी हे मांजर पहिल्यांदा घरात आणलं. सासूबाईंना काय कळत नाही? पण त्याही म्हणतात, "मेल्या मांजराला एकदा हाकललं पाहिजे." आजही म्हणाल्या.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

फूट निम्म्याहून खाली आली! टोपल्यांत तळाशी चार तुकडे, नवरीच्या पिवळीत तर धूळच. साहेबांनी काचेवर टकटक करून मला बोलावलं आणि म्हणाले, "पाहिलंत? माणसाला नाव लागलं की माणूस सावध होतो. तुमच्यासारखी माणसं मला आधी मिळायला हवी होती." मी हरभऱ्याच्या झाडावर अशी चढले की उतरायला शिडी लागली असती.

टेबलाशीही आता शिस्त आली आहे. मी जवळ गेले की बोलणं थांबतं, कुंचले चालतात. परवापर्यंत मला "घाई" म्हणून हाक मारणाऱ्या बायका आता "मॅडम" म्हणतात. मी म्हटलं, "अगं, घाईच म्हणा की." मास्तरीण म्हणाली, "छे, छे, मॅडम. नाव लागलं की माणूस सावध होतो."

साहेबांचं वाक्य तिच्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे. कदाचित मीच सांगितलं असेल. हो, मीच सांगितलं होतं, चहाच्या वेळी, मोठ्या तोऱ्यात. आता आठवलं आणि कान तापले.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज नवरीने फळी भरली आणि म्हणाली, "हात!"

कुणी उठलं नाही. चष्मेवालीने चष्मा पुसायला घेतला. ताईंच्या हातात कप अर्धा रंगवलेला होता, तो सोडता येत नाही. नवरीने पुन्हा एकदा म्हटलं, जरा हळू. मग एकटीनेच फळी पोटाशी धरून, मागे वाकून, पावलं घासत भट्टीपर्यंत नेली. मी मास्तरणीला म्हटलं, "तू मोकळीच होतीस की! उठायला काय झालं?"

ती शांतपणे म्हणाली, "उठते की. फळी पडली तर तुकडे कुणाच्या टोपलीत टाकायचे, एवढं फक्त सांगा, मॅडम."

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "सोपं आहे. जिच्या हातून सुटली, तिची फूट." आणि जाता जाता म्हणाले, "महिनाअखेरीला जिची टोपली सगळ्यात जड, ती बांधणीत जाईल. तिकडे माणूस हवंच आहे. टेबलाला सांगून टाका."

बांधणी म्हणजे मागची लांब पत्र्याची शेड. तिथे कप कागदात गुंडाळायचे, खोक्यात भरायचे, सुतळी आवळायची. कुंचल्याचं काम नाही. एकदा तिकडे गेलेली बाई परत रंगखोलीत आलेली मी पाहिली नाही.

मी "बरं, साहेब" म्हटलं. टेबलाला सांगताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगितलं. आता सगळ्या अर्धीच फळी भरतात आणि एकट्याने नेतात. खेपा दुप्पट, काम निम्मं. ह्यात माझी काय चूक?

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज विशेष काही नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

कालचं वाक्य खोटं आहे. स्वतःच्या डायरीत खोटं लिहिणारी मी पहिलीच असेन. खोडत नाही. राहू दे तिथेच, माझ्याकडे बघत.

काल दुपारी एक मोठी गिऱ्हाईक बाई नमुने बघायला येणार होती. किटली, दूधदाणी, साखरदाणी, कप, बश्या, सगळा संच ताईंनी रंगवला होता. सोनं लावतात तेव्हा ते तपकिरी दिसतं, भट्टीतून आल्यावर उजळतं. हा संच उजळून आला तेव्हा मास्तरीणसुद्धा गप्प झाली. सगळा एका फळीवर मांडून साहेबांच्या खोलीत न्यायचा होता. किटली मध्ये, म्हणून अर्धी फळी करता येईना. ताईंनी एक टोक उचललं आणि म्हणाल्या, "हात!"

कुणी उठेना. मग मीच पुढे झाले. खरं सांगायचं तर मला ते दाखवायचं होतं, की बघा, इन्चार्ज असून मी उठते. दोघी निघालो. ताई पुढे, पाठमोऱ्या, हात मागे करून टोक धरलेलं, मी मागे. टेबल आणि भिंत ह्यांच्यामध्ये असताना माझ्या खिशातला फोन वाजला. साहेबांचाच असणार, म्हणून मी एक हात सोडला.

बस. एवढंच. एक हात सोडला.

फळी माझ्या बाजूने कलली आणि किटली आधी घसरली. मग सगळंच. तो आवाज अजून कानात आहे. साहेब बाहेर आले. खोलीत कुंचलासुद्धा हलत नव्हता. त्यांनी विचारलं, "कुणाची फूट ही?"

महिन्याभरापूर्वी चार तोंडांतून एकदम "टेबलाची" आलं असतं. काल चार तोंडं बंद होती, आणि पाचवं माझं. एरवी उचलली जीभ की लावली टाळ्याला, आणि काल ती टाळ्यालाच चिकटून बसली. एक शब्द बोलायचा होता. "माझी." लहान पोरसुद्धा म्हणू शकेल. मी फोनकडे बघत उभी राहिले. तो अजून वाजत होता. साहेबांचा नव्हताच, कुठल्यातरी जाहिरातीचा होता.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ. मग खाली वाकल्या, खुर्चीखालून हिरवी टोपली ओढली आणि तुकडे गोळा करायला लागल्या. किटलीची चोच, कपांचे कान. टोपली पुरली नाही. उरलेले त्यांनी पदरात घेतले.

साहेब म्हणाले, "ठीक आहे," आणि आत गेले.

मी खोटं एक अक्षर बोलले नाही, असं काल रात्रभर स्वतःला समजावत होते. बोलले नाही हे खरंच आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

ताईंनी असं का केलं? मला कळत नाही. मला वाचवायला? माझ्यावर उपकार करायला? की मला लाज वाटावी म्हणून मुद्दाम? काल तर त्यांचा रागही आला. मी काही मागितलं नव्हतं. लगेच त्या रागाचीच शरम वाटली.

सकाळी स्वयंपाकघरात दोघीच होतो. मी म्हटलं, "ताई, परवाचं ते..."

"गॅस बारीक कर, भाजी लागेल."

"ताई, मी साहेबांना सांगते."

"सासूबाई उठल्यात. चहा टाक."

सासूबाई आल्या, खुर्चीवर टेकल्या, आणि शेजारच्या आजींना काय सांगितलं ते मला सांगायला लागल्या: आमची धाकटी आता सगळ्यांवर नजर ठेवते, साहेब तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. ताई म्हणाल्या, "हो, आई. सगळं तिच्यावरच आहे." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तरले असते.

दुपारी नवऱ्याने विचारलं, "वहिनीचं काही बिनसलंय का? गप्प असते." मी म्हटलं, "त्या कधी बोलतात?" तो म्हणाला, "घरात बोलते की. तुझ्याशीच तर बोलते."

३० सप्टेंबर, सोमवार

आठवडाभर उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले. आज तो उद्याही संपला.

टोपल्या टेबलावर मांडल्या गेल्या. तिघींच्या तळाशी खड्यांसारखे वाजणारे तुकडे, आणि हिरवी काठोकाठ. साहेबांनी मलाच सांगायला लावलं, ते माझं काम आहे. मी म्हटलं, "नियमाप्रमाणे..." आणि पुढे मला ताईंना काय म्हणायचं तेच सुचेना. इतकी वर्षं ताई म्हटलेल्या बाईला "तुम्ही उद्यापासून बांधणीत" हे कसं म्हणतात? म्हणतात. मी म्हटलं.

ताईंनी कुंचला धुतला. नेहमी धुतात तसाच, घाई न करता, केस बोटांनी सरळ करत टोक काढलं. मग तो नवरीपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "बारीक रेघेला हा बरा आहे. जोर देऊ नको." नवरीला रडू फुटलं. मास्तरीण उठली आणि ताईंच्या डब्याची पिशवी घेऊन दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेली. चष्मेवालीही गेली. मी भिंतीशी उभी होते. मला वाटलं, मीही जावं. मग वाटलं, कुठल्या तोंडाने?

मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतात ते काय असतं ते आज समजलं. वरून चहाची वेळ झाली म्हणून चहाही प्यायले.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज साहेबांना सांगितलं.

परवापासून बांधणीच्या शेडवरून जाताना मी मान वळवत होते. आज वळवली नाही. ताई उभ्या राहून सुतळी आवळत होत्या. सुतळीचं एक टोक दातांत, एक हातात. बोटांना चिकटपट्ट्या. ज्या बोटांनी श्वास रोखून रेघ मारली, ती बोटं. मी तिथूनच परत फिरले आणि दार न ठोठावता साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, तो संच ताईंनी फोडला नाही. माझ्या हातून गेला. मी हात सोडला."

ते कागदावर काहीतरी लिहीत होते, ते लिहून पुरं केलं. मग म्हणाले, "मला माहीत आहे. मी काचेतून पाहिलं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मग विचारलंत का?"

"बघायला. कोण काय करतं ते." आणि अगदी मायेने, हो, मायेनेच म्हणाले, "बसा. मनाला लावून घेऊ नका. टोपल्यांची पद्धत तुम्ही आणली. पहिल्याच महिन्यात पद्धत आणणारीच्या नावावर सगळ्यात मोठी फूट लागली असती, तर पद्धत राहिली असती का? तुम्ही गप्प राहिलात ते योग्य केलंत."

ह्या माणसाने मला शाबासकी दिली. त्या गोष्टीसाठी.

मी म्हटलं, ताईंना परत आणा, मला बांधणीत घाला. ते म्हणाले, ते होणार नाही, त्यांची टोपली सगळ्यांनी पाहिली आहे, उद्या प्रत्येकजण येऊन सांगेल की फूट दुसऱ्याची. मी म्हटलं, मग मला इन्चार्ज राहायचं नाही. ते म्हणाले, "मग टेबलाशी बसा. एक खुर्ची रिकामी आहेच. इन्चार्ज मी बाहेरून आणीन."

बाहेर आले तेव्हा मास्तरीण दारापाशीच होती. मी तिला सगळं सांगितलं, साहेबांनी पाहिलं होतं तेसुद्धा. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "पाहिलं तर आम्हीही होतं."

सगळ्यांना माहीत होतं. गुपित म्हणून इतके दिवस उराशी धरून बसले होते, आणि ते फक्त माझ्यापुरतं गुपित होतं.

७ ऑक्टोबर, सोमवार

ताईंच्या खुर्चीवर बसले. खाली हिरवी टोपली, रिकामी करून धुतलेली. नवी इन्चार्ज उद्या येणार.

मला आत घेतील, असं मला का वाटलं होतं कोण जाणे. तुसडेपणा कुणी केला नाही. चष्मेवालीने सोन्याची बाटली सरकवली, नवरीने विचारलं, "उजेड येतोय ना?" पण टेबलावर प्रत्येकीने आपापल्या कपांभोवती जागा सोडली आहे. पूर्वी कपांची गर्दी सलग असायची, कुठले कुणाचे ते संध्याकाळीच कळायचं. आता चार राज्यं आहेत.

दुपारी घाईत माझं कोपर लागलं. कप लवंडला, गोल फिरत टेबलाच्या मध्यावर गेला आणि नवरीच्या कपाला आपटून फुटला. माझा की तिचा, कुणी सांगू शकलं नसतं. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "टेबलाचा!"

सगळ्यांचे हात टेबलावरून उचलले गेले आणि मांडीवर गेले. तिघींचेही, एकदम. कुणी माझ्याकडे रागाने पाहिलं नाही. फक्त हात नव्हते.

मी तुकडे उचलून हिरव्या टोपलीत टाकले. संध्याकाळी निघताना पाहिलं: टोपली अर्धी भरली होती. एका दिवसात. बाकी तिघींच्या टोपल्या कोऱ्या. मी वेड्यासारखी बघत राहिले. मास्तरीण पर्स खांद्याला लावत म्हणाली, "तू भिंतीशी गेलीस आणि फूट कमी झाली. साहेबांना वाटलं टोपल्यांमुळे. तुलाही तसंच वाटलं का गं?"

तिने पुन्हा "तू" म्हटलं, हे मला जिन्यात पोचल्यावर लक्षात आलं.

म्हणजे "टेबलाचा" म्हणजे माझा. इतकी वर्षं. ताई मान खाली घालून म्हणायच्या, आणि मी त्याची नक्कल साहेबांना करून दाखवली, डब्यातलं खाता खाता.

१३ ऑक्टोबर, रविवार

ताई आता संध्याकाळी बोटांना तेल लावून बसतात. कापलेल्या जागी झोंबतं, पण तोंडातून आवाज काढत नाहीत. सासूबाईंना एवढंच माहीत आहे की थोरलीची जागा बदलली आणि धाकटीने इन्चार्जपद सोडलं. "नाचता येईना, अंगण वाकडं," असं मला म्हणाल्या. म्हणू देत. माझ्याशी ताई कामापुरतं बोलतात: मीठ दे, दार लाव. मी माफी मागायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा त्यांना काहीतरी आणायला आत जावं लागलं.

आज जेवणं झाल्यावर मी भांडी विसळत होते, त्या पुसून लावत होत्या. दोघींच्या मध्ये नळ तेवढा बोलत होता. हळू करायचं, हळू करायचं, असं मनात म्हणत असतानाच माझ्या हातातून मोठी बशी गेली. फरशीवर चहूकडे तुकडे.

"काय फुटलं?" आतून सासूबाई. "कुणी फोडलं गं?"

मी थांबले. लाज वाटते लिहायला, पण थांबले. सवयच ती. ताईंकडे पाहिलं. त्या हातातला पेला पुसत होत्या. तो पुसून कोरडा झाला तरी पुसत होत्या. मांजराचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"मी!" मी ओरडले. "मी फोडली, सासूबाई! माझ्या हातून गेली!"

मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग एवढं किंचाळतेस काय? बशी तर होती."

मी झाडू घेतला आणि खाली बसले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तुकडे नुसते इकडून तिकडे सरकत होते. ताईंनी पेला फळीवर ठेवला, कोपऱ्यातून सुपली काढली आणि माझ्यासमोर येऊन उकिडव्या बसल्या. दोन्ही हातांनी सुपली जमिनीला टेकवून धरली. मी तुकडे त्यात लोटले.